देवाला साखर

दुपारी चारच्या सुमारास आत्याबाईंच्या हातातून पाण्याचा तांब्या निसटला. मागच्या दारच्या दगडावर तो आपटल्याचा आवाज ऐकून मी उठायला गेले, तर तोल गेला. भिंतीला हात लावला. हात थरथरत होता आणि काही केल्या थांबेना.

"कोण आहे गं तिकडं?" आत्याबाई ओरडल्या. "माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आलीय."

ओसरीवर माझे थोरले दीर, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, खांब धरून ओकत होते. आमचे हे खाटेवर आडवे झाले होते आणि "छत फिरतंय, छत फिरतंय" एवढंच म्हणत होते. घरात स्वतःच्या पायांवर उभी होती ती एकटी अक्का. माझी मोठी जाऊ. नाव कालिंदी, पण मी तिला पहिल्या दिवसापासून अक्काच म्हणत आले.

"नले, हलू नको. बस तिथंच," ती म्हणाली आणि अनवाणीच टांगा आणायला पळाली.

ती महाशिवरात्र होती. सेलूला मोंढ्याच्या, धान्यबाजाराच्या, मागच्या बाजूला आमचं घर होतं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मला त्या घरात येऊन वर्ष व्हायचं होतं, अक्काला दहा वर्षं होत आली होती. दुपारी उपासाचं जेवण झालं होतं: भगरीच्या पिठाच्या भाकरी, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. एरवी आत्याबाई भगर निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळायला लावायच्या. त्या वर्षी ह्यांनी आदल्या संध्याकाळी मोंढ्यातून तयार पीठ आणलं. रांधलं अक्कानं.

त्या घरात स्वयंपाकाची चव घेत नसत. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी पदार्थाला जीभ लावली तर तो उष्टा, असा आत्याबाईंचा नेम होता, आणि नेम सणाचा नव्हे, रोजचा. मीठ अंदाजानं, तिखट रंगावरून. अक्काचा हात इतका बसला होता की आमटी कधी चुकायची नाही. माझं मीठ चुकायचं. मग दादा हसून म्हणायचे, "आज देवानं तोंड वाकडं केलं असेल बघ."

त्या दिवशी भाकरी किंचित कडवट लागली होती. मला लागली. ह्यांनाही लागली असं ते नंतर म्हणाले. पण उपासाच्या अन्नाला नावं ठेवायची नसतात, म्हणून कुणी बोललं नाही. दादांनी तर तिसरी भाकरी मागून घेतली.

सरकारी दवाखान्यात आम्हाला ओळीनं चार खाटांवर निजवलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी बॅटरीनं डोळ्यांत पाहिलं आणि विचारलं, "भगर खाल्ली का?"

"हो," अक्का म्हणाली.

"सगळ्यांनी?"

"मी नाही."

"तुम्ही का नाही?"

"माझी निर्जळी होती."

पलीकडच्या खाटेवर आत्याबाईंना सलाईन लावत होते. थरथरत्या मानेनं त्या अक्काकडे वळल्या. "निर्जळी? कधी धरलीस? मला का नाही सांगितलंस?"

अक्का माझ्या अंगावरची चादर सारखी करू लागली. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. थोड्या वेळानं सिस्टरनं माझ्याभोवती कापडी पडदा ओढला, खाली वाकून हळू आवाजात काही विचारलं. मी मान हलवली. तिनं अक्कालाच आत बोलावलं, दुसऱ्या कुणाला नाही.

दादा आणि हे लवकर सावरले. आत्याबाईंचं वय झालेलं, त्यांना वेळ लागला. मला सगळ्यांत शेवटी घरी आणलं. टांग्यातून उतरताना पाहिलं तर ओसरीवर पाट मांडले होते, ताटं वाढलेली होती आणि कुणी जेवत नव्हतं. सगळे अक्काकडे पाहत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं भाताचा एक घास घेतला, वरणात बुडवून तोंडात घातला, चावला, गिळला. मग पदरानं तोंड पुसून भिंतीला टेकून उभी राहिली.

"वाजले किती?" आत्याबाईंनी विचारलं.

"पावणेबारा," हे म्हणाले.

"थांबा जरा."

सगळे थांबले. वरणावर साय धरली. दादा ताटाकडे पाहत होते, बायकोकडे नाही. बऱ्याच वेळानं आत्याबाई म्हणाल्या, "घ्या," आणि मग सगळे जेवले.

माझ्या लक्षात आलं की देव्हाऱ्यासमोर नैवेद्याचं ताट नव्हतं. एका वाटीत चिमूटभर साखर होती. आधी माणसानं तोंड लावलेलं अन्न देवाला कसं दाखवणार? आत्याबाईंनी त्यावर तोडगा काढला होता. सुनेनं आधी खायचं आणि देवाला साखर.

मी जेवत नव्हते. जेवता येत नव्हतं. दवाखान्यातून आल्यापासून पाण्याशिवाय काही उतरेना. मऊ भात आणला की त्याच्या वाफेनंच मी ताट दूर सारायची. ताक आणलं, लाह्यांचं पाणी आणलं. ओठांपर्यंत जायचं आणि मी वाटी खाली ठेवायची. पीठ मळल्याचा आवाज जरी आला तरी मी तोंड फिरवून घ्यायची. दिवसभर भिंतीकडे पाहून पडून राहायची. माझे कपडे अक्का धुवायची. कामाला येणाऱ्या चंद्रभागेला तिनं सांगून टाकलं होतं, "धाकटीच्या कपड्यांना हात लावू नको, मी बघते."

आत्याबाई उशाशी बसून विचारायच्या, "का गं, काय होतंय?"

"उतरत नाही."

"माझ्या हातचं देऊ?"

त्या स्वतः चुलीपाशी गेल्या, पेज करून आणली. तीही उतरली नाही. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ओसरीवर त्या मुलांना म्हणाल्या ते मला आत ऐकू आलं.

"पोरगी हिच्या हातचं गिळत नाही. तोंडानं बोलत नाही, पण माणसाच्या आतड्याला कळतं."

"काय कळतं, आई?" दादांनी विचारलं.

"तुला नाही कळायचं. दहा वर्षांत हिनं कधी निर्जळी धरली होती? त्याच दिवशी बरी सुचली."

"अगं, पीठ मी आणलंय," हे म्हणाले. "उद्या मलाही म्हणशील."

"तू खाल्लंस ना? थरथरत पडला होतास ना? मग झालं. कालिंदीच्या भावाला मानवतला निरोप धाडा. घेऊन जाऊ दे चार महिने."

चार महिने म्हणजे काय ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मूल नसलेली सून माहेरी गेली आणि चार महिने राहिली, की तिची पेटी मागून पाठवतात. आमच्या शेजारच्या घरात तसं झालं होतं. नंतर दार वाजलं, दादा बाहेर निघून गेले असावेत.

निरोप गेला. अक्कानं आपली लोखंडी पेटी माळ्यावरून काढली, फडक्यानं पुसली आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवली. तरी दोन्ही वेळचा स्वयंपाक तीच करत होती. आधी घास, मग भिंतीला टेकून उभं राहणं, मग आमची ताटं.

भाऊ यायचा होता त्या दिवशी सकाळी दवाखान्यातले कंपाउंडर गफूरभाई मला पाहायला आले. जाता जाता ओसरीवर चहाला बसले.

"बाई, एक सांगायचं राहिलं," ते आत्याबाईंना म्हणाले. "सुतार गल्लीतलं एक घर आलं होतं आमच्याकडं. शिवरात्रीलाच. आणि स्टेशनाकडचे एक मास्तर, बायको, म्हातारी. सेम तुमच्यासारखं. पीठ कुठलं, तर त्याच दुकानातलं. बुरशी धरते म्हणे पिठाला. डोळ्यांना दिसत नाही."

"बघ आई," हे लगेच म्हणाले. "मिटलं की नाही?"

"मोठ्या वहिनी वाचल्या ही अल्लाची मेहेरबानी समजा," गफूरभाई म्हणाले. "नाहीतर टांगा कुणी आणला असता? पाचही जण इथंच लोळत पडला असता."

आत्याबाईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "पीठ खराब होतं. मानलं. दुकानदारानं कालवलं, मानलं. पण हिनं का खाल्लं नाही, ते सांगा. पीठ चाळलं हिनं. थापलं हिनं. हिला वास आला नसेल?"

"आला असता तर सांगितलं नसतं का, आई?" दादा पहिल्यांदाच तिच्या बाजूनं बोलले.

"तेच तर म्हणते मी."

गफूरभाईंनी बशीतला चहा संपवला आणि टोपी उचलली. उत्तर फक्त अक्काकडे होतं, आणि ते तिला कुणी विचारत नव्हतं. चव घ्यायला लावत होते, माहेरी धाडत होते, पण तिच्यासमोर उभं राहून कुणी विचारत नव्हतं.

मी उठले. कितीतरी दिवसांनी स्वतःहून उठले. भिंत धरत ओसरीपर्यंत आले आणि पाटावर बसले.

"अक्का," मी हाक मारली. "मला भूक लागलीय."

भूक नव्हती. पण तिचा भाऊ यायच्या आत मला जेवायला हवं होतं, आणि आत्याबाईंच्या डोळ्यांदेखत.

अक्का दारात आली. माझ्याकडे पाहिलं, आत गेली. मुगाचं कढण घेऊन आली. पातळ, नुसतं मीठ-जिरं घातलेलं. वाटी हातात घ्यायला मी हात पुढे केला. म्हटलं, "दे. तू नको घेऊस आधी."

आत्याबाईंची मान वर झाली. हे माझ्याकडे पाहू लागले.

अक्कानं वाटी दिली नाही. उभ्या उभ्या तिनं स्वतः एक घोट घेतला. मग आणखी एक. आत्याबाईंच्या डोळ्याला डोळा देऊन. मग घड्याळाकडे पाहिलं आणि भिंतीला टेकली. मी पाटावर बसून राहिले. कढण निवत होतं. ती आत गेली नाही, बसली नाही. शेवटी तिनं स्वतःच म्हटलं, "घे आता."

तिची उष्टी वाटी मी तोंडाला लावली. पहिला घोट तोंडातच राहिला. डोळे मिटून ढकलला. दुसरा गेला. तिसऱ्याला कपाळावर घाम आला. वाटी रिकामी करून मी ती पाटापुढं उपडी ठेवली, सगळ्यांना दिसावी म्हणून.

"उतरलं?" आत्याबाईंनी विचारलं.

"उतरलं."

"मळमळतंय?"

"नाही."

त्या माझ्याकडे बघत बसल्या. मीही बघत बसले. मी दातांवर दात दाबून बोलत होते. उन्हाळा लवकर लागणार वाटतं, म्हटलं. चंद्रभागा आली नाही का आज, म्हटलं. दादांनी काहीतरी उत्तर दिलं. शेवटी आत्याबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "त्या पोराला मानवतहून उगाच हेलपाटा," एवढंच म्हणाल्या आणि देव्हाऱ्याकडे गेल्या.

मी मागच्या दारी पोचले आणि होतं नव्हतं ते सगळं बाहेर पडलं.

अक्का मागोमाग आली होती. तिनं माझं कपाळ धरलं, चूळ भरायला पाणी दिलं. मग चुलीतली राख सुपात आणून वर टाकली आणि पायानं माती ओढली. कुठं काही दिसेना झालं, तेव्हा ती म्हणाली, "कशाला केलंस?"

"तू गेली असतीस."

"मग गेले असते."

न्हाणीघराच्या दोरीवर माझे धुतलेले कपडे वाळत होते. त्यांच्याकडे पाहत मी विचारलं, "अक्का, त्या दिवशी सकाळी तू मला भाकरी का देत होतीस?"

कारण शिवरात्रीच्या सकाळी तिनं मला स्वयंपाकघरात ओढून घेतलं होतं. दुरडीत, फडक्याखाली, ज्वारीची एक भाकरी झाकून ठेवली होती. आदल्या रात्री जास्तीची थापलेली. कानाशी लागून म्हणाली होती, "तू भगर खाऊ नको. ही दुधात कुस्करून खा. कुणाला कळायचं नाही." मी खाल्ली नाही. उपास मोडल्याचं आत्याबाईंना कळलं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते इतक्यात सांगायचं नव्हतं.

"पोटुशी बाईनं उपास धरू नये," अक्का म्हणाली. "म्हणून."

तिसरा महिना लागला होता. मी कुणाला बोलले नव्हते, ह्यांनाही नाही. अक्कानं माझं चहावरचं मन उडालेलं पाहून ओळखलं होतं. दवाखान्यातल्या दुसऱ्या दिवशी सगळं संपलं. सिस्टरला माहीत, अक्काला माहीत, मला माहीत. आत्याबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी चार महिन्यांचीही वाट पाहिली नसती.

"आणि तू का नाही खाल्लंस?" मी विचारलं. मीच विचारलं.

"नवस होता."

"कशाचा?"

"नवस बोलून दाखवला की फळत नाही."

"आता सांगायला काय हरकत आहे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते. "आता तर मुळीच नाही," ती म्हणाली आणि राखेचं सूप झाडून आत गेली.

तिचा भाऊ दुपारी आला, जेवला, एकटाच परत गेला. पेटी माळ्यावर गेली. आमचं खाणंपिणं हळूहळू रांगेला लागलं. मला आधी कढण पचलं, मग मऊ भात, मग पावसाळ्याच्या तोंडाशी भाकरी. भगर घरात आली नाही. शिवरात्रीला आम्ही रताळी उकडायचो. अक्काचा पहिला घास मात्र चालू राहिला.

आत्याबाईंना तो बंद करायला दादांनी एकदा सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मी कुठं म्हणते आता?" आणि ते खरं होतं. त्या म्हणत नव्हत्या. अक्काच खात होती. आत्याबाई गेल्या, त्यांच्या तेराव्याच्या जेवणावळीत अक्कानं पंगत बसायच्या आधी प्रत्येक पातेल्यातलं चमचाभर खाल्लं. लोकांना वाटलं, मोठ्या सुनेचा शोक. माझी केतकी झाली तेव्हा तिच्या बाटलीतलं दूध, तिचं वरण, तिच्या वाढदिवसाचा केक, सगळ्यांत आधी अक्का. केतकी बालवाडीत असताना मैत्रिणीच्या घरी जेवायला बसली आणि विचारती झाली, "तुमच्याकडं आधी कोण खातं?" परत येऊन मला म्हणाली, "आई, त्यांच्या घरी कुणीच नाही. सगळे एकदमच खातात." तिला भीती वाटली होती.

देव्हाऱ्यात साखरच राहिली.

मी तो प्रश्न अक्काला पुन्हा विचारला नाही. दोन गोष्टी मनात असायच्या आणि कुठली एक धरावी ते समजायचं नाही. तिनं माझ्यासाठी भाकरी झाकून ठेवली होती, म्हणजे तिला माझं चांगलं व्हावं असं वाटत होतं. आणि तिनं ती आदल्या रात्रीच थापली होती, भगरीचं पीठ चाळून झाल्यावर. भाकरीची गोष्ट आत्याबाईंना सांगितली असती तर ती कुठल्या बाजूनं लागली असती, हे मला तेव्हा कळलं नाही. अजूनही कळत नाही.

दादा गेले. हेही गेले. आता मोंढ्यामागच्या घरात आम्ही दोघीच आहोत. अक्काला ऐकू कमी येतं आणि काळाची गल्लत होते. मधूनच ती आत्याबाईंना आंघोळीचं पाणी काढायला उठते. हातपाय मात्र चालतात. पहिला घास चुकत नाही.

गेल्या शिवरात्रीच्या आठवडाभर आधी ती आपणहून म्हणाली, "नले, यंदा भगर कर."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं. मग मी दुकानातून पुडा आणला, चांगल्या कंपनीचा, तारीख पाहून. दाणे निवडले, धुतले, उन्हात वाळवले, मिक्सरवर पीठ केलं. भाकरी थापल्या. आमटी केली. देव्हाऱ्यात साखरेची वाटी ठेवली आणि अक्काचं ताट तिच्यासमोर ठेवून बसले. ती घास घेईल, म्हणून.

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरला. मग ताटात ठेवून दिला.

"अक्का, काय झालं?"

तिनं माझं मनगट पकडलं. पकड अजून घट्ट आहे तिची. दाराकडे एक नजर टाकून ती कानाशी लागली.

"तू हे खाऊ नको. दुरडीत बघ. दुधात कुस्करून खा. कुणाला कळायचं नाही."

"का गं, अक्का? का खायचं नाही?" मी मोठ्यानं विचारलं, तिला ऐकू यावं म्हणून. "खराब आहे का? वास येतोय का तुला?"

ती ओठांवर बोट ठेवून माझ्या पोटाकडे पाहत राहिली.

मी तुकडा उचलून वास घेतला. मला भगरीचाच वास आला. दुसरा काही आला की नाही, सांगता येणार नाही.

दुरडी घरात कधीचीच नाही. मी डब्यातलं ज्वारीचं पीठ काढलं, एक भाकरी थापली, दुधात कुस्करली आणि तिच्यासमोर बसून संपवली. या वेळी ती आधी खायला पुढे आली नाही. दिवसभर तिनं पाण्याचा थेंबही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकी पुण्याहून आली. भुकेली होती. ओट्यावरचं झाकण उचलून तिनं विचारलं, "अगं, या भाकरी अख्ख्या तशाच पडल्यात. चांगल्या आहेत ना?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

आतून ओट्याकडे येणाऱ्या अक्काच्या पावलांचा आवाज येत होता.